जाम इंजिन उघडताना

मित्रहो, आजचा जाहीर विषय जाम झालेला पिस्टन सोडवण्याचा आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. परंतु पिस्टनपर्यंत पोहोचण्याआधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे (इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाचे) स्टड, म्हणजे डोके नसलेले आटेदार बोल्ट, काढावे लागतात आणि जुन्या इंजिनांचे बरेचसे नुकसान तेथेच होते, म्हणून आधी त्यांच्याविषयी बोलतो.

आपल्यापैकी अनेकांकडे असलेल्या प्रीमियर पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनाचा ब्लॉक (सिलिंडर असलेला मुख्य भाग) बिडाचा, तर हेड (त्यावरचे झाकण) अ‍ॅल्युमिनियमचे आहे. त्या हेडमध्ये रुतलेला पोलादी स्टड मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत वर्षानुवर्षे राहिला की दोन्ही धातूंची झीज होऊन आट्यांमध्ये गंज घट्ट बसतो, कारण गंज मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापतो. अशा स्टडवर जोर लावला की आटे सुटत नाहीत. स्टडच पिळवटून तुटतो.

माझ्या एका स्नेह्यांच्या गाडीचे हेच झाले. गॅरेजमधील कारागिराने पान्याला लांब पाइप लावला आणि स्टड हेडच्या पृष्ठभागालगत तुटला. त्यात भोक पाडताना ड्रिल मध्यापासून सरकले आणि शेजारच्या मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये शिरले. मग तुटका स्टड काढण्यासाठी त्या भोकात घातलेला ईझी आउट, म्हणजे उलट्या आट्यांची कडक सळई, आतच मोडला. तो इतका कठीण असतो की साध्या ड्रिलला दाद देत नाही. अखेर ते हेड भंगारात गेले. मला याचा मनापासून राग येतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतील काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी बंद झाल्या. सुटे भाग काढण्यासाठी जुन्या गाड्या आता कमीच मिळत जाणार, अशा वेळी एकही हेड वाया घालवणे आपल्याला परवडणारे नाही.

यावरचा उपाय उष्णतेत आहे. समान तापमानवाढीत अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. हेड १०० अंशांनी तापले, तर ८ मिलिमीटरचे भोक सुमारे १८ मायक्रॉनने वाढते आणि स्टड साधारण ९ मायक्रॉनने. उरलेल्या त्या ९ मायक्रॉनमुळे गंजाची पकड सैल होते. गरम स्टडच्या मुळाशी मेणबत्ती टेकवली की मेण वितळून केशाकर्षणाने आट्यांत ओढले जाते. त्यानंतर दोन नट एकमेकांवर आवळून पाना लावावा, स्टड प्रथम किंचित घट्ट करावा, मग सोडावा, पुन्हा घट्ट करावा. करकर असा आवाज आला की गंज तुटू लागला असे समजावे.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी हाती आली आहे, तेव्हा पिस्टनविषयी थोडक्यात सांगतो. इंजिन फिरत नसेल तर स्टार्टर मुळीच मारू नये. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल यांचे मिश्रण ओतावे आणि काही दिवस जाऊ द्यावेत. तरीही हालचाल नसेल, तर हेड आणि संप (इंजिनाखालची तेलाची टाकी) उतरवून कनेक्टिंग रॉडच्या, म्हणजे पिस्टनला क्रँकशी (इंजिनाच्या फिरत्या दांड्याशी) जोडणाऱ्या दांड्यांच्या, टोप्या एकेक करून सोडाव्यात. जी टोपी सुटताच क्रँक मोकळा फिरतो, तोच पिस्टन जाम आहे. बहुधा चारपैकी एखादाच अडकलेला असतो, आणि हे ठाऊक नसल्यामुळे चारही ठोकले जातात. तो वर काढण्याआधी बोअरच्या (सिलिंडरच्या पोकळीच्या) तोंडाशी झिजून उरलेली कड आणि गंज खरवडून काढावा, नाहीतर रिंगा आणि पिस्टनची खोबण फुटते. मग खालून लाकडी ठोकळा लावून हलक्या हातोडीने, थांबत थांबत ठोकावे आणि मध्ये मध्ये तेल सोडत राहावे.