कुंपणावरची काळी मैना

लहानपणी करवंद फोडून ‘कोंबडा की कोंबडी’ आपण सगळेच खेळलोय. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. आता सांगा, त्याच करवंदाची जाळी तुमच्यापैकी कितीजणांच्या कंपाउंडमध्ये आहे? दोनच हात! आणि ब्लूबेरीचं रोप मागवलेले किती? हसू नका, मीही त्यातलाच. ब्लूबेरीला ४.५ ते ५.५ सामूची (पीएचची) आंबट माती लागते, बहुतेक जातींना हिवाळ्यात शेकडो तास कडक थंडी लागते. आपल्या कोल्हापूरच्या काळ्या मातीचा सामू ७ च्या पुढं, आणि थंडी रंकाळ्यावर स्वेटर मिरवण्यापुरती. माझं रोप दोन पावसाळे कसंबसं तगलं, मग गेलं.

करवंद मात्र पन्हाळ्याच्या उतारावर जांभ्याच्या फटीत उगवतं. त्याला उन्हाची भीती नाही, भीती आपल्या पाइपची. आपण पडलो ऊसवाले. झाड दिसलं की पाणी सोडलंच! पहिला उन्हाळा सांभाळा, नंतर फार लक्ष देऊ नका. काळ्या मातीत नुसता खड्डा काढून लावलंत, तर जुलैत त्या खड्ड्याचा हौद होतो आणि मुळं कुजतात. वीतभर उंच वरंबा करा, त्यात मुरूम मिसळा. कुंपण करायचं तर ३ ते ४ फुटांवर एकेक रोप. युरिया तर नकोच, नुसता पाला माजतो.

दुसरी चूक कात्रीची. कुंपण सरळ रेषेत दिसावं म्हणून दर महिन्याला तासत बसलात, तर फुलणारे शेंडेच जातात. छाटायचं ते फळं उतरल्यावर, वर्षातून एकदा. चार काटे टोचणारच. तेवढ्यासाठी तर कुंपण! कच्च्या फळांचं लोणचं घाला, त्यांत पेक्टिन, म्हणजे जेली घट्ट करणारा पदार्थ, भरपूर असल्यामुळं जेलीही छान धरते.

फालसा, म्हणजे ते बारीक आंबटगोड जांभळ्या फळांचं झुडूप, याच्या उलट, त्याला कापल्याशिवाय गत नाही. फळ नव्या फुटीवर येतं, म्हणून डिसेंबर-जानेवारीत बिनधास्त छाटा. पिकलेला फालसा एक-दोन दिवसांत खराब होतो, त्यामुळं मंडईत क्वचितच दिसतो. माझ्या मते परसात लावायला यापेक्षा चांगलं कारण नाही. तुतीची पेन्सिलीएवढी काडी खोचली तरी रुजते, फक्त धुणं वाळत घालता त्या तारेपासून लांब लावा.

मघाशी तुमच्यातल्या एका ताईंनी विचारलं, करवंदाची रोपं कुठं मिळतील? मे महिन्यात डोंगराकडच्या बायका द्रोण घेऊन बसतात, तिथंच. खा, बिया धुवा आणि त्याच आठवड्यात पिशवीत लावा. ठेवून दिल्या तर उगवण झपाट्यानं घटते. तीन-चार वर्षांत फळ धरेल. पण बियांच्या रोपाचं आईसारखंच फळ निघेल याची खात्री नाही. ज्याला कोंबडाच हवा, त्यानं पावसाळ्यात चांगल्या झाडावर गुटी बांधावी, म्हणजे फांदीला झाडावरच मुळं फुटवून तिचं रोप करावं.