पत्र्यातून आलेलं ऊन

श्रोतेहो, नमस्कार.

मी निवृत्त विज्ञान शिक्षक. सगळी नोकरी अमळनेर तालुक्यात झाली आणि नोकरीच्या जोडीला पंचवीसेक वर्षं कबड्डीची पंचगिरी केली. कबड्डीत मुख्य पंचाला सरपंच म्हणतात, त्यामुळे निवडणूक न लढवताच मी गावोगाव सरपंच होऊन आलो. आता गुडघे कुरकुरतात. म्हणून मैदान सोडलं आणि शाळकरी मुलांच्या रोबो स्पर्धांत पंच म्हणून उभा राहायला लागलो. मानधन नाही. एक टोपी, दोन चहा आणि दुपारचं जेवण.

जेवणावरून आठवलं. आपल्याकडे अशा कार्यक्रमांना भरीत-पुरी असते. बामणोदकडची हिरवी लांब वांगी आणून हल्ली ती गॅसवर भाजतात. पऱ्हाटीच्या जाळावर न भाजलेल्या भरिताला मी भरीत म्हणत नाही. असो.

मुलांच्या रोबो स्पर्धांत सगळ्यात सोपी असते ती रेषेवरून चालणाऱ्या गाडीची. पांढऱ्या फ्लेक्सवर काळी पट्टी असते आणि मुलांनी बनवलेल्या छोट्या गाडीने कुणी हात न लावता त्या पट्टीवरून शेवटापर्यंत जायचं असतं. गाडीच्या पोटाखाली सेन्सर असतो. तो डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड उजेड खाली टाकतो. पांढऱ्यावरून हा उजेड परत येतो, काळ्यावरून येत नाही, आणि त्यावरून गाडीला रेषा कळते. एवढंच लक्षात ठेवा, काळ्यावरून उजेड परत येत नाही. पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ तेच आहे.

फेब्रुवारीतली गोष्ट, विज्ञान दिनाच्या आसपासची. एका शाळेचा पत्र्याचा हॉल होता. चौदा संघ आले होते. पत्रिकेवर वेळ सकाळी नऊची. प्रमुख पाहुणे आले सव्वादहाला. नारळ, दीपप्रज्वलन, सत्कार, शाल. या शाली पुढे कुठे जातात, हे मला आजवर कळलेलं नाही. पहिली गाडी सुटली तेव्हा साडेदहा वाजले होते.

पहिले पाच संघ ठीक गेले. पाचव्या संघातल्या मुलाची गाडी अडतीस सेकंदांत पोचली, टाळ्या पडल्या. सहावी गाडी तिसऱ्या वळणावर रेषा सोडून गेली. मी शिट्टी मारली, बाद. सातवीही तिथेच गेली, आठवीही तिथेच. मी मनात म्हटलं, पोरांनी घाईत वायरी जोडलेल्या दिसतात. पंचाच्या मनात एकदा असं आलं ना, की त्याला दुसरं काही दिसत नाही. नववा संघ नववीतल्या दोन मुलींचा होता. त्यांची गाडीही तिसऱ्या वळणावर गेली. मी शिट्टी तोंडाला लावली, तेवढ्यात त्यातली एक म्हणाली, "सर, तुमचं पॅड द्या ना जरा."

कसलं पॅड? तर माझं गुण लिहायचं पॅड. तिने गाडी उचलून तिसऱ्या वळणावर काळ्या पट्टीवर ठेवली. सेन्सरवर एक बारीक लाल दिवा असतो. खाली पांढरं असलं की तो लागतो, काळं असलं की विझतो. इथे काळ्यावरही लागलेलाच. मग तिने गाडीवर माझ्या पॅडची सावली धरली. दिवा विझला. पॅड काढलं, दिवा लागला. पुन्हा धरलं, पुन्हा विझला.

मी वर पाहिलं. उजेडासाठी छपरात एक पारदर्शक पत्रा बसवलेला होता. त्यातून आलेला उन्हाचा चौकोन सरकत सरकत बरोबर तिसऱ्या वळणावर येऊन बसला होता. उन्हातही इन्फ्रारेड असतो, आणि भरपूर असतो. त्या झोतात सेन्सरला काळंही पांढरंच वाटणार. चार संघ मी बाद केले होते, आणि ते उन्हामुळे.

मग गोंधळ सुरू झाला. पाचव्या संघातल्या मुलाचे वडील पुढे आले. सकाळपासून मोबाइलवर फोटो काढत होते. म्हणाले, "कुठलं ऊन, मास्तर? हे बघा फोटो." बघितले. त्यांच्या मुलाच्या वेळचा फोटो होता, तेव्हा ऊन पट्टीपासून वीतभर लांब. पुढचा फोटो सहाव्या संघाचा. ऊन पट्टीवर. माझ्या गुणपत्रिकेत वेळेचा रकानाच नव्हता. ऊन कधी आलं याचा पुरावा सापडला तो तक्रार करणाऱ्याच्याच मोबाइलमध्ये.

कुणीतरी केळीच्या ट्रॅक्टरवरची ताडपत्री आणली आणि शिपाई शिडी लावून छपरावर चढला. मी निर्णय दिला की उरलेले पाच संघ आधी खेळतील आणि उन्हात सापडलेल्या चौघांना शेवटी पुन्हा संधी मिळेल. पुन्हा सांगतो, फक्त त्या चौघांना. सातव्या संघाने दुसऱ्या वेळी चौतीस सेकंद घेतले आणि पहिला नंबर मारला. वडील माझ्यासमोर येऊन उभे राहिले. आवाज चढवला नाही, एवढंच म्हणाले, "मना पोऱ्यानं काय चुकनं, मास्तर?"

श्रोतेहो, याचं उत्तर त्या दिवशी माझ्याकडे नव्हतं. सातव्या संघाला नंतर तासभर दुसऱ्यांच्या गाड्या बघायला मिळाल्या होत्या, ते वळण कसं घ्यायचं हे त्यांना कळलं होतं. त्या मुलाला ते मिळालं नव्हतं.

आणि त्या मुली? वाट बघण्याच्या वेळात त्यांनी कोपऱ्यात काळी इन्सुलेशन टेप चिकटवून गाडी चालवून बघितली. एकदा नाही, वीस-पंचवीस वेळा. त्यांना किती वेळ थांबायचंय ते मी सांगितलंच नव्हतं. त्यांची पाळी आली. तिसरं वळण झकास घेतलं. पुढे लाकडी फळीचा छोटा चढ होता, त्यावर गाडी अर्ध्यात थांबली आणि हळूहळू मागे आली. बॅटरी संपलेली. ती म्हणाली, "सर, चार्जिंगला दहा मिनिटं द्याल का?" नियमांत काही लिहिलेलं नव्हतं आणि आधीच्या तिघांना मी वेळ दिलेला नव्हता. मी नाही म्हणालो. ज्या मुलीने ऊन दाखवलं, तिची गाडी शेवटापर्यंत पोचलीच नाही.

घरी आल्यावर मोठ्या स्पर्धांचे नियम वाचायला बसलो. अमेरिकेत डीन कामेन यांनी 1989 मध्ये फर्स्ट नावाची संस्था काढली. तिची लेगो लीग ही लहान मुलांची स्पर्धा आपल्याकडेही होते. तिथे अडीच मिनिटांची फेरी असते. अशा तीन फेऱ्या प्रत्येक संघाला मिळतात आणि सगळ्यात चांगली एक धरतात. म्हणजे त्या वडिलांचं म्हणणं तिथे नियमातच आहे, सगळ्यांना सारख्या संधी. शिवाय शंकेची जागा आली की कौल मुलांच्या बाजूने. आणि गुण मुलांना दाखवल्याशिवाय टेबल आवरायचं नाही. त्या सकाळी मी गाडी उचलायला लावून मग गुण लिहीत होतो.

आपल्या आकाशवाणीवर बोलतोय म्हणून जाता जाता सांगतो. रोबोकॉन ही कॉलेजच्या मुलांची मोठी स्पर्धा 2002 मध्ये सुरू केली ती आशिया-पॅसिफिकमधल्या रेडिओ-टीव्हीवाल्यांच्या संघटनेने. 2008 मध्ये ती पुण्यात झाली, तेव्हा रोबोंना गोविंदा बनवून दह्या-लोण्याच्या हंड्यांपर्यंत पोचायला लावलं होतं. यंत्रांची दहीहंडी!

तर आता माझ्या गुणपत्रिकेत दोन रकाने वाढले आहेत. एक वेळेचा, एक बॅटरीच्या व्होल्टेजचा. खिशात मल्टिमीटर असतो. फेऱ्या तीन. पुन्हा खेळायचं झालं तर किती वाजता, ते आधी सांगायचं आणि तोवर चार्जिंगला मोकळीक. हॉलमध्ये आदल्या दिवशी स्पर्धेच्याच वेळी जाऊन ऊन कुठे येतं ते खडूने आखून ठेवायचं.

आणि स्पर्धा नऊला म्हणजे नऊला. त्या दिवशी नऊला सुरू झालो असतो, तर ऊन यायच्या आत पहिली फेरी आटोपली असती. गेल्या खेपेला प्रमुख पाहुणे पोचले तेव्हा दुसरी फेरी चालू होती. त्यांना खुर्ची दिली, चहा दिला. नारळ त्यांनी जेवणाच्या सुट्टीत फोडला.

नमस्कार.