संगणकाचे कॅबिनेट जमिनीवर ठेवताना

नमस्कार. डेस्कटॉप संगणकाचे कॅबिनेट जमिनीवर ठेवावे की नाही, यावरची चर्चा बहुतेक वेळा धुळीपाशी सुरू होते आणि धुळीपाशीच संपते. धूळ महत्त्वाची आहेच. पण माझ्या मते पहिली काळजी कॅबिनेटच्या तळाची घ्यायला हवी, कारण तो भाग आपल्या नजरेआड असतो आणि हल्लीच्या बऱ्याच कॅबिनेटमध्ये हवा आत येण्याची एक महत्त्वाची वाट नेमकी तिथेच असते.

संगणक बंद करून कॅबिनेट आडवे करून पाहा. मागच्या बाजूला तळाशी जाळी असेल, तर तिच्या आत पॉवर सप्लायचा, म्हणजे संगणकाच्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याचा, पंखा असतो. तो सहसा १२० किंवा १४० मिलिमीटरचा असून खालून हवा ओढतो आणि मागून बाहेर सोडतो. कॅबिनेटचे पाय मात्र जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर उंच असतात. गुळगुळीत फरशीवर एवढे अंतर पुरते. जाड गालिच्यात मात्र हे पाय रुततात, जाळी झाकली जाते आणि पॉवर सप्लाय तापू लागतो. अनेक पॉवर सप्लायमध्ये अति तापल्यावर आपोआप बंद होण्याची सोय असते. म्हणून गालिच्यावर ठेवलेला संगणक काम चालू असताना अचानक बंद पडू लागला, तर इतर शंका घेण्याआधी तळाची जाळी पाहावी.

यावरचा उपाय साधा आहे. कॅबिनेटखाली पाच ते दहा सेंटीमीटर उंचीचा, न डगमगणारा स्टँड ठेवावा आणि त्याची फळी जाळीच्या आड येत नाही, हे वाकून तपासावे. चाकांचा स्टँड असेल तर चाकांना ब्रेक हवाच. फोम किंवा उशीसारखे मऊ काही खाली घालू नये, कारण त्याने गालिच्याइतकीच अडचण होते. मागची बाजू भिंतीपासून दहा-पंधरा सेंटीमीटर दूर असावी. टेबलाखालच्या बंद कप्प्यात कॅबिनेट ठेवणे मला जमिनीपेक्षाही वाईट वाटते, कारण बाहेर टाकलेली गरम हवाच तिथे पुन्हा आत ओढली जाते.

आता विजेविषयी थोडे सविस्तर बोलतो, कारण येथे प्रश्न यंत्राचा नसून माणसाचा आहे. जमिनीवरच्या कॅबिनेटला अनवाणी पाय सहज लागतो. पॉवर सप्लायमधील फिल्टरच्या (धुळीच्या नव्हे, विजेतील गडबड गाळणाऱ्या) रचनेमुळे, अर्थिंग नसेल तर कॅबिनेटच्या धातूच्या भागावर विद्युतदाब येतो आणि स्पर्श होताच झिणझिण्या जाणवतात. तसे जाणवत असेल, तर त्या सॉकेटचे अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. अर्थिंगची पिन काढून किंवा दोन पिनांचा अडॅप्टर लावून काम भागवणे धोक्याचे आहे. फरशी पुसताना पाणी कॅबिनेटपर्यंत पोहोचण्याआधी बहुधा एक्स्टेन्शन बोर्डपर्यंत पोहोचते. त्यामुळे तो बोर्ड जमिनीवर न ठेवता भिंतीवर किंवा टेबलाच्या पायाला वर पक्का बसवावा, आणि ओल्या फडक्याने पुसायचे असेल तेव्हा आधी संगणक बंद करावा.

कॅबिनेट सरकवायचे झाल्यास तेही बंद करूनच सरकवावे. जुन्या पद्धतीची, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेत असते आणि तिचे वाचन करणारे टोक तबकडीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. चालू स्थितीत बसलेला धक्का तिला निकामी करू शकतो. एसएसडीमध्ये, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या नव्या पद्धतीच्या डिस्कमध्ये, फिरणारा भाग नसल्याने ही भीती नाही, पण पायांच्या वाटेत येणारे कॅबिनेट कोपऱ्याकडे सरकवलेले केव्हाही बरे.

उरली धूळ. जमिनीलगत ती आणि केसांचे पुंजके जास्त जमतात, म्हणून जाळ्या महिन्यातून एकदा तरी काढून झटकाव्यात. आत हवेचा झोत मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर पंखा प्रमाणाबाहेर वेगाने फिरून त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. बाजूचे झाकण टफन्ड काचेचे असेल तर ते काढल्यावर भिंतीला टेकवून थेट फरशीवर उभे करू नये. फरशीची कठीण कड काचेच्या काठाला लागली, तर पूर्ण काचेचा क्षणात चुरा होतो. त्यामुळे जाड टॉवेल आधीच पसरून ठेवावा आणि काच त्यावर आडवी ठेवावी.