काटा बाजूला, टेप हातात

घरी गेल्यावर एक सुतळी घ्या, न ताणणारी. अनवाणी भिंतीला टेकून उभं राहा आणि टाचेपासून डोक्यापर्यंत आपल्या उंचीएवढी ती कापून घ्या. मग बरोबर मधोमध दुमडून कापा आणि त्यातला एक अर्धा पोटाभोवती गुंडाळा. दोन्ही टोकं एकमेकांना लागली तर ठीक. मधे चार बोटांची फट राहिली, तर पोटाचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे आणि आजचं बोलणं खास तुमच्यासाठी आहे, मग वजनाचा काटा साठ किलो दाखवो की नव्वद.

आपल्याकडे लठ्ठपणा म्हटलं की लोक बीएमआय विचारतात. किलोतलं वजन मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं, आला आकडा. हे गणित एकोणिसाव्या शतकात केटले नावाच्या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाने मांडलं, तेही माणसांच्या समूहाचा अभ्यास करायला. 'बीएमआय' हे नाव १९७२ मधलं. एकेका माणसाच्या तब्येतीचा निकाल त्यावर लावायचा, हा उद्योग नंतरचा. मी तो आकडा फेकून देत नाही, पण दाराशीच ठेवतो. १६३ सेंटिमीटर उंची आणि ६५ किलो वजन म्हणजे साधारण साडेचोवीस. युरोपच्या पट्टीने हा माणूस ठीकठाक, कारण तिथे जास्त वजनाची रेघ २५ ला आहे. आपल्यासाठी ती २३ ला आहे, आणि २५ पासून पुढे लठ्ठपणाच धरतात.

रेघ खाली का आणली? २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा शेजारीशेजारी उभा असलेला फोटो छापून आला. पुण्याचे चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, हा आपला ओळखीचा मराठी देह त्या एका फोटोत आहे. मांडीच्या कातडीखालची चरबी त्या मानाने गरीब असते. आतड्यांभोवती आणि यकृतात साठणारी उपद्रवी. तिच्यामुळे रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला शरीर दाद देईनासं होतं, आणि ती काट्यावर वेगळी दिसत नाही. घेरात दिसते.

म्हणून घेर मोजा, पण नीट. सगळा घोळ इथेच होतो. "माझी कंबर चौतीस" असं सांगणारा गृहस्थ पँटचा नंबर सांगत असतो, आणि पँट पोटाच्या खाली बांधलेली असते. शिवाय तयार कपड्यांचे नंबर ढिले असतात. पोट मोजायचं तर शर्ट वर करा. बाजूला बोटांनी चाचपून शेवटची बरगडी शोधा, मग खाली कंबरेच्या हाडाचा वरचा काठ. दोन्हींच्या बरोबर मधे पेनाने खूण करा. बेंबीवर भरवसा ठेवू नका, पोट ओघळलं की बेंबीही ओघळते. शिंप्याकडची टेप चालेल, फक्त जुनी झालेली नको, ती ताणून लांबते आणि घेर कमी दाखवते. टेप पाठीमागे वर चढलेली नाही ना, हे आरशात बघा किंवा घरातल्या कुणाला बघायला सांगा. अंगाला लागेल पण रुतणार नाही इतपतच धरा. मग सहज श्वास सोडा आणि सोडून झाल्यावर वाचा. पोट आत ओढून घेतलेला आकडा लग्नाच्या फोटोपुरता ठीक आहे. दोनदा मोजा, आणि एक सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. पुरुषाचा घेर ९०, बाईचा ८० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त असेल तर उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी), रक्तदाब, रक्तातली चरबी आणि यकृताची तपासणी करून घ्या. 'काही त्रास होत नाही' हे न करण्याचं कारण नव्हे. या दुखण्यात सुरुवातीला त्रास होतच नाही.

काट्याबद्दल थोडक्यात. तो कडक, सपाट फरशीवर ठेवा, दोन लाद्यांच्या सांध्यावर नको. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी उभं राहा. एका दिवसात किलो-दीड किलोची चढउतार पाण्याची असते. शरीरात साठवलेल्या एक ग्रॅम साखरेसोबत जवळजवळ तीन ग्रॅम पाणी असतं. म्हणून पोळी-भात बंद केला की पहिल्या आठवड्यात काटा धाडकन उतरतो आणि लोक पेढे वाटतात. उतरलेलं असतं ते बरंचसं पाणी.

उपास करून उतरवलेल्या वजनात साधारण पाव हिस्सा चरबीचा नसून बाकीच्या ऊतींचा असतो, त्यात स्नायू आले. मला खरी काळजी याची वाटते. ६५ किलोच्या माणसाला दिवसाला ५४ ग्रॅम प्रथिनं लागतात. पातळ वरणाच्या वाटीत जेमतेम वीस ग्रॅम कोरडी डाळ असते, म्हणजे चार-साडेचार ग्रॅम. एका अंड्यात सहा. हिशेब तुम्हीच करा. साठी ओलांडलेल्यांनी एक चाचणी करावी. हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर बांधा आणि पाच वेळा उठा-बसा. बारा सेकंदांहून जास्त लागले तर मांड्यांची ताकद घटते आहे. ठाण्यातल्या उपवनच्या किंवा नवी मुंबईतल्या पाम बीचच्या फेऱ्यांनी ती येत नाही, तिला वजन उचलावं लागतं. चालणं सोडू नका, पण पाऊण तास चालून साधारण दीडशे जादा कॅलरी खर्च होतात. परतताना खाल्लेला एक वडापाव त्याहून जास्त देतो.

वजन उतरवणारी हल्लीची इंजेक्शनं? भूक खरोखर कमी करतात, गरजूंनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली जरूर घ्यावीत. पण सेमाग्लुटाइड या अशाच एका औषधाच्या चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आलं. तेव्हा 'तीन महिन्यांचा कोर्स' असा हिशेब मनात धरून सुरू करू नका.

स्वयंपाकघरात मात्र आजच हात घालता येईल. चौघांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल लागत असेल तर माणशी रोज तीस ग्रॅम, म्हणजे सुमारे २७० कॅलरी होतात. पाचच्या डब्यातून कढईत तिरकं करून ओतलं की मोजमाप संपलं. एक तारखेला तीन लिटर वेगळं काढा, रोजचं छोट्या बुधलीत भरा आणि फोडणीला चमचा वापरा. तळण करायचं तर त्याच तीन लिटरातून. पंचवीस तारखेला बुधली रिकामी झाली तर तेल कुठे गेलं ते लगेच आठवतं. घेर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मोजा आणि कालनिर्णयच्या पानावर, दुधाच्या खाड्यांशेजारी लिहून ठेवा.