तेरा मिलिमीटरचा फरक

मघाशी दाराशी एका मुलानं मी बनवलेलं हे नॅट विमानाचं मॉडेल बघून मला विचारलं, "काका, हे रेड ॲरोजचं विमान ना? मग लाल का नाही?" पोरानं बरोबर ओळखलं. ज्या प्लॅस्टिकच्या किटमधून, म्हणजे सुट्या भागांच्या संचातून, हे बनवलं त्याच्या खोक्यावर तेच होतं. १९६५ ते १९७९ या काळात ब्रिटिश हवाई दलाचा रेड ॲरोज हा कसरतींचा चमू जे नॅट उडवायचा, ते दोन आसनांचं, प्रशिक्षणाचं नॅट. मला मात्र हवं होतं आपल्या हवाई दलाचं एका आसनाचं लढाऊ नॅट. दोघांचं नाव एक, कारखाना एक, चेहरामोहराही एकच. सख्ख्या भावंडांमध्ये जो घोळ होतो, तोच इथे होतो.

आज एकआसनी नॅटचं किटही मिळतं. मी सुरुवात केली तेव्हा हातात होतं ते हे दोन आसनांचंच. त्यामुळे आज काही जण म्हणतील की हा सगळा उद्योग फुकटचा. असू दे. फुकटच्या उद्योगातच मी नॅट शिकलो.

पहिला सल्ला मिळाला तो असा: "मागची सीट काढ, वर पट्टी लाव, झालं." मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. प्रशिक्षण नॅटची लांबी ९.६८ मीटर, लढाऊ नॅटची ८.७४. मॉडेलचं प्रमाण एकास बहात्तर, म्हणून बहात्तराने भागा. एक येतं १३४.४ मिलिमीटर, दुसरं १२१.४. तेरा मिलिमीटरचा फरक. पंखांचा विस्तार ७.३२ मीटर आणि ६.७३ मीटर, म्हणजे मॉडेलवर आठ मिलिमीटरहून थोडा जास्त. तेरा मिलिमीटर म्हणजे करंगळीच्या नखापेक्षा थोडं जास्त. पण सगळं विमानच तुमच्या तळहाताएवढं असेल तर तेरा मिलिमीटरमध्ये त्याची जात बदलते.

ते इतकं लहान का, हेही सांगायला हवं. टेडी पेटर नावाचा अभियंता. कॅनबेरा हे बॉम्बफेकी विमान त्याचंच, तेही पुढे आपण वर्षानुवर्षं उडवलं. लढाऊ विमानं दरवर्षी जड, महाग आणि गुंतागुंतीची होत चालली आहेत, हे काही त्याला पटेना. फोलंड कंपनीत जाऊन त्यानं उलटी वाट धरली. नॅटचं पहिलं उड्डाण १८ जुलै १९५५ चं. ब्रिटिश हवाई दलानं लढाऊ नॅट घेतलंच नाही, घेतलं ते फक्त प्रशिक्षणाचं. लढाऊ नॅट खऱ्या अर्थानं नांदलं ते आपल्याकडे. बंगलोरला हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारखान्यात ते परवान्यावर बनू लागलं. म्हणून तर किटच्या खोक्यात पिढ्यान्‌पिढ्या लाल नॅटच येत राहिलं. जगाला माहीत असलेलं नॅट वेगळं आणि आपल्याला माहीत असलेलं वेगळं.

आता कापाकापी. जास्तीची बहुतेक लांबी इंजिनासाठी हवा आत घेणाऱ्या तोंडांच्या, म्हणजे इनटेकच्या पुढे आहे. लढाऊ नॅटमध्ये वैमानिक जवळजवळ इनटेकच्या बगलेत बसतो. प्रशिक्षण नॅटमध्ये त्या जागी मागचा माणूस येतो आणि पुढच्यासाठी नाक लांबवलेलं असतं. म्हणून मी धड इनटेकच्या पुढे हॅक्सॉच्या ब्लेडनं कापलं, मधला तुकडा काढला आणि नाक मागे आणून चिकटवलं. अर्थात दोन्ही तोंडांची जाडी जुळली नाही. एम-सील भरा, घासा, पुन्हा भरा, पुन्हा घासा. माझ्या घरी त्या दोन महिन्यांत जेवणाच्या टेबलावर पांढरी पूड नव्हती असा दिवस नव्हता.

पंखांची गोष्ट मात्र मी आधी चुकवली. दोन्ही टोकं चार-चार मिलिमीटर छाटली आणि खूश झालो. मग आराखड्यावर ठेवून बघतो तर पंख रुंदीलाही मोठा! प्रशिक्षणासाठी तो पंखच नव्यानं काढलेला होता, शेपटीचे पृष्ठभागही वाढवलेले होते. शिवाय लढाऊ नॅटचे एलेरॉन, म्हणजे विमान कलवणाऱ्या मागच्या धारेवरच्या हलत्या पट्ट्या, पंखाच्या आतल्या बाजूला असतात आणि चाकं खाली आली की तेच झुकून फ्लॅपचं, म्हणजे हळू उडताना उचल वाढवायचं, काम करतात. दुसऱ्या नॅटमध्ये एलेरॉन बाहेर, फ्लॅप आत आणि वेगळे. म्हणजे माझ्या छाटलेल्या पंखावरच्या रेघासुद्धा खोट्या होत्या. तो पंख कचऱ्यात गेला. नवा पंख प्लॅस्टिकच्या शीटचे थर चिकटवून घासून काढला, आणि त्याचा एक फायदा असा झाला की मागची धार पातळ ठेवता आली. किटमधली धार अर्धा मिलिमीटर जाड होती. बहात्तराने गुणा, ३६ मिलिमीटर. एवढ्या जाड धारेचं जेट विमान कोणी बनवत नाही. त्याच हिशेबानं जुन्या किटवरचे उठावाचे रिव्हेट मोजा; खऱ्या विमानावर ते लिंबाएवढे भरतील. तेही सगळे घासून टाकले.

कॉकपिटची काच हा वेगळाच विषय. एका आसनाच्या नॅटची काच म्हणजे एकसंध फुगा आहे, समोरच्या भागासकट. गोळीरोधक सपाट काच तिच्या आत, वेगळी. खोक्यातल्या काचेला कितीही कातरलं तरी हे साधत नाही. मी लाकडाचा साचा कोरला आणि मिठाईच्या डब्याचं पारदर्शक झाकण गॅसवर धरून त्यावर दाबलं. सातवी काच जमली. पहिल्या सहा जळल्या, आणि घरात जो वास सुटला त्याबद्दल न बोललेलं बरं. आतली खुर्चीही तशीच. आम्हा मॉडेल करणाऱ्या प्रत्येकाच्या सुट्या भागांच्या डबीत मार्टिन-बेकर कंपनीच्या, वैमानिकाला संकटात विमानाबाहेर फेकणाऱ्या दोन-चार खुर्च्या पडलेल्या असतात, तिथली एक उचलावीशी वाटते. पण नॅटला फोलंडची स्वतःची हलकी खुर्ची होती. मार्टिन-बेकर आली ती अजीतमध्ये.

अजीतचं नाव निघालं म्हणून सांगतो. अजीत म्हणजे नॅटची आपण सुधारलेली आवृत्ती. पंखातच इंधन साठवायची सोय केली, त्यामुळे पंखाखालची जागा शस्त्रांसाठी मोकळी झाली. लांबी ९.०४ मीटर, मॉडेलवर चार मिलिमीटर जास्त. कुठे चौकात, शाळेच्या आवारात असं विमान उभं दिसलं आणि तुम्ही मापं घ्यायला टेप काढलीत, तर आधी ते नॅट आहे की अजीत, ते बघा. मी एकदा अर्धा दिवस उन्हात फोटो काढले आणि घरी येऊन कळलं.

तोफांचा हिशेब मला सगळ्यात आवडतो. दोन एडन तोफा, इनटेकच्या दोन्ही अंगांना एकेक, नळीचा व्यास ३० मिलिमीटर. बहात्तराने भागलं की ०.४२ मिलिमीटर. केमिस्टकडे जा आणि २२ नंबरची इंजेक्शनची सुई मागा; तिचं आतलं भोक जवळजवळ तेवढंच असतं. केमिस्ट विचारतो, "कुणाला टोचायचीय?" सांगायचं, विमानाला.

एवढं झाल्यावर माझ्याकडे एक निनावी लढाऊ नॅट तयार झालं. आणि खरी अडचण तिथून पुढे. "भारतीय हवाई दलाचं नॅट" असं विमान कधीच नव्हतं. होती ती एकेक विमानं, प्रत्येकाला क्रमांक असलेली, एखाद्या दिवशी एखाद्या धावपट्टीवर उभी. १९६५ च्या युद्धाच्या सुरुवातीला नॅट धातूच्या चंदेरी रंगात उडाली. १९७१ च्या फोटोंत ती कॅमोफ्लाजमध्ये दिसतात. प्रदर्शनांतून मी ७१ चा कॅमोफ्लाज आणि ६५ च्या स्क्वाड्रनचा क्रमांक एकाच मॉडेलवर बघितला आहे. मला पुष्कळ जण म्हणाले, सेखोंचं विमान करा. १४ डिसेंबर १९७१, श्रीनगर, अठरा नंबरची स्क्वाड्रन, हवाई दलाचं एकमेव परमवीरचक्र. इच्छा कोणाला नसेल? पण मला असं विमान हवं होतं, ज्याच्याजवळ जाऊन कोणी तरी प्रत्येक झाकणाचा फोटो काढला आहे.

असं एक नॅट आहे. ते कराचीला आहे.

त्याचा क्रमांक आयई १०८३. ३ सप्टेंबर १९६५ ला तेवीस नंबरच्या स्क्वाड्रनची नॅट पठाणकोटहून उडाली. त्या दिवशीच्या चकमकीत स्क्वाड्रन लीडर ब्रिजपाल सिंग सिकंद इतरांपासून तुटले आणि पसरूरच्या धावपट्टीवर उतरले. पसरूर पाकिस्तानात. ते युद्धकैदी झाले आणि विमान धडधाकट पाकिस्तानच्या हाती लागलं. पाकिस्तानी हवाई दलानं ते उडवूनही बघितलं. आज ते कराचीच्या पीएएफ म्युझियममध्ये आहे, आणि तिथे जाणाऱ्या हौशी मंडळींनी त्याचे सर्व बाजूंनी फोटो काढले आहेत. तिकडच्या एका मॉडेल करणाऱ्यानं मला चाकांच्या दारांचे आतले फोटो पाठवले. नॅटची ही दारं गंमतशीर आहेत. चाकं अर्धवट खाली सोडली की तीच हवेत ब्रेकचं काम करतात. त्या फोटोंशिवाय मी ती चुकीच्या कोनात लावली असती.

पण म्युझियममधलं विमान म्हणजेसुद्धा एक मॉडेलच, एकास एक प्रमाणाचं. ते रंगवलेलं असतं, पुन्हा रंगवलेलं असतं, अक्षरं कोणी तरी नव्यानं काढलेली असतात. म्हणून मी एक नियम केला. पत्रा, सांधे, दारं, झाकणं यांसाठी कराचीवर विश्वास. रंग आणि अक्षरांसाठी त्या काळचे फोटो. त्या फोटोंतही फसगत आहेच. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर केशरी आणि हिरवा जवळपास एकाच करड्यात जातात. आपल्या गोल चिन्हात केशरी बाहेर, मध्ये पांढरा, आत हिरवा, हे ठाऊक असल्यावरच फोटो वाचता येतो. चंदेरीचंही तसंच. पत्र्याचे तुकडे वेगवेगळ्या छटांचे दिसले तर उघडा धातू, सगळं अंग एकसारखं दिसलं तर रंग.

शेवटी कोणती वेळ दाखवायची? पसरूरला उतरल्यानंतरची दाखवावी असं एकानं सुचवलं. मी पठाणकोटची सकाळ घेतली. पंखाखाली इंधनाच्या जादा टाक्या अजून आहेत, काच उघडी, खुर्ची रिकामी. शेजारी वैमानिक उभा केला आहे, २४ मिलिमीटरचा, म्हणजे विमान किती ठेंगणं होतं ते कळतं.

आणि हो, पूर्ण झाल्यावर टेबलावर ठेवलं तर ते शेपटीवर बसलं. नाक कापून आखूड केलेलं, त्यात वजन कुठे भरणार? मासेमारीच्या गळाचं शिसं ठेचून कॉकपिटच्या खाली, पुढच्या चाकाच्या वर, जिथे जागा मिळाली तिथे कोंबलं. अजूनही टेबलाला धक्का लागला की ते पुढचं चाक उचलतं. बघायला जरूर या, फक्त नाकाला हात लावू नका. पुढची पिटो ट्यूब, म्हणजे हवेतला वेग मोजणारी नळीही सुईचीच आहे आणि आतापर्यंत दोनदा माझ्याच बोटात गेली आहे.