ताटात पोचलं त्याचा भाव

मंडळी, घरच्या किराण्यावर बोलायचं ठरलं तेव्हा बऱ्याच जणांनी मला आधीच विचारून ठेवलं: स्वस्त कुठे मिळतं, सवलत कधी लागते, कोणतं ॲप चांगलं? या प्रश्नांची उत्तरं मी आज देणार नाही. एकतर ती आठवड्याला बदलतात, आणि दुसरं म्हणजे पैशांची खरी गळती तिथे नाहीच. आपण भाव चुकीच्या जागी मोजतो, हे मला तुम्हाला सांगायचं आहे. दिलेले पैसे भागिले आणलेलं वजन, हा दुकानाचा भाव. घराचा भाव वेगळा असतो. दिलेले पैसे भागिले प्रत्यक्ष खाल्लेलं वजन.

सोपा हिशेब करू. एक किलो भाजी आणली, शंभराला. त्यातली पाव किलो सडली, टाकून दिली. म्हणजे खाल्ली पाऊण किलो आणि मोजले शंभर. किलोचा भाव पडला १३३. बाजारात भाजी एका रात्रीत एक तृतीयांशाने महागली तर आपण आठवडाभर दुसरं काही बोलणार नाही. तीच भाजी घरात तेवढीच महाग होते तेव्हा कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण पैसे आधीच चुकते झालेले असतात आणि कचऱ्याच्या डब्याचं बिल कुणी फाडत नाही.

हे फक्त तुमच्या-माझ्या घरात होतं असं समजू नका. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये जगभरातल्या अन्ननासाडीचा अहवाल काढला. २०२२ या एका वर्षात दुकानं, खानावळी आणि घरं मिळून सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, सालं-हाडांसारखे न खाण्याचे भाग धरून. त्यातला ६० टक्के वाटा घरांचा. माणशी हिशेब केला तर घरातल्या घरात वर्षाला ७९ किलो. आणि श्रीमंत देशांत जास्त, बाकीच्यांत कमी, असंही नाही. घरगुती नासाडीतला फरक माणशी सातएक किलोचाच निघाला. मला हा आकडा फार लागला. ज्या घरात पैशांची ओढाताण आहे तिथेही अन्न फेकलं जातं, आणि ते कुणी मुद्दाम फेकत नाही.

मग ते जातं कसं? तुमच्या फ्रिजचा खालचा कप्पा डोळ्यांसमोर आणा. वर परवाची भाजी. तिच्याखाली गाठ मारलेल्या पिशवीत पालेभाजीची जुडी. पिशवीला आतून घाम सुटलाय, खालची पानं काळपट होऊन एकमेकांना चिकटलीत, वरची अजून हिरवी आहेत. शेजारी टोमॅटो, एखादं सफरचंद. इथे दोन गोष्टी एकाच वेळी चालल्या आहेत. एक, कोंडलेल्या ओलाव्यात पानं कुजतात. दोन, सफरचंद, केळं, टोमॅटो अशी फळं पिकताना इथिलीन नावाचा वायू सोडतात आणि त्याने शेजारची पानं लवकर पिवळी पडतात. म्हणून पालेभाजी नीट कोरडी करून कापडात किंवा कागदात गुंडाळा आणि पिकणारी फळं तिच्यापासून लांब ठेवा. नवीन भाजी आणली की जुनी उचलून वर घ्या, नवी खाली जाऊ द्या. फ्रिज चार अंशांच्या आसपास हवा, फ्रीझर उणे अठरा. उरलेलं शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. यातल्या एकाही गोष्टीला पैसे पडत नाहीत.

पाकिटावरच्या तारखांबद्दलही बोलतो, कारण त्यापायी चांगलं अन्न कचऱ्यात जातं. ‘बेस्ट बिफोर’ ही चवीची, कुरकुरीतपणाची तारीख आहे. ती उलटली म्हणजे माल विषारी झाला असं नाही. उघडून बघा, वास घ्या, चव बघा. ‘यूज बाय’ मात्र सुरक्षिततेची तारीख. ती दूध-मांसासारख्या नाशवंत मालावर असते आणि तिथे वासावर भरवसा ठेवायचा नाही, कारण आजारी पाडणारे जंतू वास सोडतीलच असं नसतं. या दोन तारखा घरातल्या प्रत्येकाला, मुलांनासुद्धा, वेगवेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत.

आता दुकानाकडे येऊ. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी किराणा घ्यायचा म्हणजे यादी दुकानदाराच्या हातात द्यायची. तो फळीवरून काढणार, तोलणार, बांधणार. १९१६ मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी पिगली विगली नावाचं दुकान काढलं आणि गिऱ्हाइकालाच आत सोडलं: हवं ते स्वतः उचला, दारापाशी पैसे द्या. नोकरांचा खर्च वाचला, भाव खाली आले, हा फायदा खराच होता. पण यादी आणि माल यांच्या मध्ये उभा असलेला माणूस गेला, आणि त्याच्या जागी आपले डोळे आले. पुढे १९३७ मध्ये ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराच्या लक्षात आलं की टोपली जड झाली की लोक खरेदी थांबवतात. त्यांनी टोपलीला चाकं लावली. आजच्या ट्रॉलीचा जन्म तिथला. गोल्डमन यांचं निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं, कारण ते उलट्या बाजूने आपल्याही कामाचं आहे. हाताला जाणवणारं वजन हा एक लगाम आहे. चार वस्तूंसाठी गेलात तर ट्रॉली घेऊच नका, हातात टोपली घ्या.

आणि यादी करा. यादी सगळेच करतात म्हणाल, पण ती कुठे बसून करता? खुर्चीत बसून आठवणीने केलेल्या यादीत घरात असलेलंच सामान परत येतं. यादी फ्रिजचं दार उघडून, डबे हलवून करायची. सुरुवात ‘काय आणायचं’ इथून करू नका. ‘काय आधी संपवायला हवं’ इथून करा. अर्धी जुडी आहे, वाटीभर कडधान्य आहे, तर पहिले दोन दिवस स्वयंपाक त्याचा, आणि त्याला जोड म्हणून जे लागेल तेवढंच यादीत. पोटभर खाऊन दुकानात जा, हा जुना सल्ला आहे आणि तो बरोबर आहे.

सवलतींचं गणित थोडक्यात सांगतो. ‘दोनावर एक मोफत’ म्हणजे ३३ टक्के सवलत, पण तिन्ही वापरली तर. तिसरं फेकलं की सवलत शून्य. ‘५० टक्के जादा’ हे ५० टक्के स्वस्त नव्हे, तेही ३३ टक्केच. आणि पाचशे ग्रॅमचं पाकीट त्याच किमतीत साडेचारशेचं झालं तर भाव ११ टक्क्यांनी वाढला, जरी किमतीचा आकडा तोच असला. फ्रान्समध्ये १ जुलै २०२४ पासून मोठ्या दुकानांना अशा आकसलेल्या पाकिटांची सूचना फळीपाशी लावावी लागते. जिथे असा नियम नाही तिथे ते काम आपलं. पाकिटाची किंमत नका बघू, किलोचा किंवा लिटरचा भाव बघा. लेबलवर तो बारीक अक्षरांत असतो. नसेल तर फोनवर भागाकार करा. दहा सेकंद लागतात.

मोठं पाकीट बहुतेक वेळा किलोमागे स्वस्त पडतं. वीस टक्के स्वस्त पडत असेल तर वीस टक्के वाया गेलं की बरोबरी झाली, हे ध्यानात ठेवून धान्य, साखर, साबण असं टिकणारं सामान मोठं घ्या, नाशवंत लहान घ्या. पण इथे एक अन्याय आहे आणि त्यावर बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये कुटुंबांचे जमाखर्च तपासून दाखवलं की घर जितकं गरीब, तितका खर्चातला अन्नाचा वाटा मोठा. म्हणजे बचतीची गरज ज्यांना सगळ्यात जास्त, त्यांच्याच हातात मोठ्या पाकिटापुरते पैसे एकरकमी नसतात. ते लहान पुड्या घेतात आणि किलोमागे जास्त मोजतात. त्यांना ‘घाऊक घ्या’ असा सल्ला देऊन भागत नाही.

यावर उपाय आहे आणि तो जुना आहे. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात १८४४ च्या डिसेंबरात २८ जणांनी मिळून एक दुकान उघडलं. त्यांतले बरेच विणकर. पदरची थोडी थोडी रक्कम साठवून त्यांनी लोणी, साखर, पीठ, ओट, मेणबत्त्या एवढाच माल ठेवला. वजन चोख, भेसळ नाही, आणि नफा ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात सभासदांना परत. जगभरच्या ग्राहक सहकारी चळवळीने पुढे हाच नमुना उचलला. आपल्याला लगेच दुकान काढायची गरज नाही. चार घरांनी एकत्र येऊन धान्याचं एक पोतं घेतलं तरी पुरे. सुरुवात टिकणाऱ्या एकाच वस्तूपासून करा, भाजीच्या फंदात पडू नका. वाटणी वजनकाट्यावर आणि सगळ्यांसमोर करा. आणि पैसे आधी गोळा करा. रॉचडेलच्या दुकानात उधारी नव्हती. एकाचं थकलं की बाकीच्यांचा माल अडतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.