पैसा श्रोत्यांचा, हुकूम मंडळाचा

श्रोतेहो, नमस्कार.

आज मला दिलेला विषय कागदावर भलताच जड दिसतो. सार्वजनिक प्रसारणाची स्वायत्तता आणि उत्तरदायित्व. हे दोन शब्द लागोपाठ उच्चारले की निम्मे श्रोते चहा टाकायला उठतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून ते शब्द बाजूला ठेवतो आणि एक गोष्ट सांगतो. रेडिओतल्या माझ्या मित्रांना ती ऐकून ऐकून पाठ झाली आहे. तुम्ही मात्र अजून माझ्या तावडीत सापडला नव्हता.

गोष्ट अमेरिकेतली. कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडे बर्कली नावाचं विद्यापीठाचं गाव आहे. तिथे १५ एप्रिल १९४९ रोजी एक रेडिओ केंद्र सुरू झालं. नाव केपीएफए. काढणारा लुइस हिल, दुसऱ्या महायुद्धात बंदूक हातात घ्यायला नकार दिलेला माणूस. जाहिरात घ्यायची नाही, केंद्र श्रोत्यांच्या वर्गणीवर चालवायचं, असा त्याचा बेत. आणि केंद्र कुठे काढलं? एफएमवर! त्या काळी एफएम लागणारे सेट किती घरांत होते? जवळजवळ नव्हतेच. म्हणजे आधी श्रोत्याला रेडिओ मिळवून द्या, मग त्याच्याकडे वर्गणी मागा. व्हायचं तेच झालं. १९५० च्या ऑगस्टमध्ये पैसे संपले आणि केंद्र बंद पडलं. श्रोत्यांनीच पैसे गोळा केले आणि मे १९५१ मध्ये ते पुन्हा सुरू केलं. तेव्हाच ते कुणाचं हे ठरून गेलं होतं, असं मला वाटतं.

पुढे या केंद्राची मालकी असलेल्या पॅसिफिका फाउंडेशनची पाच केंद्रं झाली. लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, ह्यूस्टन. ह्यूस्टनच्या केंद्राचा ट्रान्समीटर १९७० साली कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेच्या लोकांनी बॉम्ब लावून उडवला. दुरुस्त केला, तर पुन्हा उडवला. रेडिओला लोक घाबरतात, श्रोतेहो. हल्लीच्या एफएमवाल्यांना कुणी घाबरत असेल असं वाटत नाही, दर तीन मिनिटांनी गाद्यांची आणि फ्लॅटची जाहिरात वाजवणाऱ्याला कोण घाबरणार? असो.

आता १९९९ साल. पॅसिफिकाच्या मध्यवर्ती मंडळावर तोवर प्रत्येक केंद्राच्या स्थानिक सल्लागार मंडळातले लोक येत असत. फेब्रुवारीत मंडळानं ठरवलं, हे बंद. यापुढे मंडळाचे सदस्य मंडळच निवडणार. सार्वजनिक प्रसारणासाठी सरकारी पैसा वाटणारी जी संस्था तेव्हा तिकडे होती, तिच्या एका नियमाचा आधार त्यासाठी घेतला. तुम्ही सोसायटीत राहत असाल तर लगेच समजेल: मेंटेनन्स आपण भरायचा आणि नवी कमिटी जुन्या कमिटीनं नेमायची, सर्वसाधारण सभा नाहीच. पैसा श्रोत्यांचा, हुकूम मंडळाचा. हे वाक्य मी आज एकदोनदा परत म्हणणार आहे, सोसून घ्या.

मार्चअखेरीस मंडळानं बर्कलीच्या लोकप्रिय केंद्रप्रमुख बाईंचा करार वाढवला नाही. कर्मचारी चिडले. त्यावर हुकूम आला की घरची धुणी चव्हाट्यावर धुवायची नाहीत. केंद्रात काय चाललंय हे केंद्रावरून बोलायचं नाही! एक जुना, नावाजलेला निवेदक बोलला. त्याला काढलं. आणखी एक बोलला. त्यालाही काढलं. बाहेर रस्त्यावर श्रोते फलक घेऊन उभे राहू लागले.

आणि मग जुलैत ते पत्र आलं. मंडळाच्या एका सदस्यानं अध्यक्षांना ईमेल लिहिला, की पैसा उभा करायला बर्कलीचं किंवा न्यूयॉर्कचं केंद्र विकता येईल का याचा विचार करावा. एफएमच्या पट्ट्यातली मोक्याची जागा म्हणजे सोन्याचा भाव. ईमेल गोपनीय होता. पण गेला कुठे? चुकून 'मीडिया अलायन्स' नावाच्या पत्रकारांच्या संघटनेकडे, आणि ही संघटना नेमकी केंद्राच्या बाजूनं लढणारी! पत्ता निवडताना बोट घसरलं असावं. फॅमिली ग्रुपवर भलताच मेसेज गेल्यावर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको, आणि इथे तर तो मेसेज डिलीट करायचीही सोय नव्हती.

१३ जुलै १९९९, मंगळवार. मीडिया अलायन्सनं पत्रकारांना बोलावून तो ईमेल जाहीर केला. डेनिस बर्नस्टीन हा केपीएफएचा निवेदक. संध्याकाळच्या आपल्या कार्यक्रमात त्यानं त्या पत्रकार परिषदेतला भाग वाजवला. म्हणजे चव्हाट्यावर धुणी. कार्यक्रम संपल्याबरोबर व्यवस्थापनानं त्याला सांगितलं, तू रजेवर, इमारतीतून बाहेर पड. तो हलेना. सुरक्षारक्षक आले. आता रेडिओवाला माणूस संकटात कुठे पळेल? मायक्रोफोनकडे! बर्नस्टीन थेट बातम्यांच्या स्टुडिओत घुसला. तिथे संध्याकाळच्या बातम्या चालू होत्या, लाल दिवा लागलेला होता. घराघरांत लोक स्वयंपाक करत होते, गाडीतून घरी परतत होते, आणि बातम्यांच्या मधोमध त्यांना आरडाओरडा ऐकू आला. एक माणूस ओरडतोय, त्याला बाहेर काढायला माणसं आली आहेत. वृत्तनिवेदकानं हातातली बातमी बाजूला ठेवली आणि आपल्या खोलीत काय चाललंय तेच श्रोत्यांना सांगायला सुरुवात केली. त्यापेक्षा ताजी बातमी कोणती असणार?

आणि मग आवाज तुटला. बातम्या अर्ध्यावर. थोड्या वेळानं काय सुरू झालं, तर जुन्या ध्वनिफिती.

श्रोतेहो, केंद्र गप्प झालं की श्रोता काय करतो? आपल्याकडे आपण सेटवर एक चापट मारतो, मग शेजारी विचारतो, तुमच्याकडे लागतंय का. बर्कलीचे लोक सरळ केंद्रावर गेले. शेकडो माणसं इमारतीसमोर जमली. पन्नासेक जणांना पोलिसांनी त्या रात्री पकडलं. दुसऱ्या दिवसापासून कर्मचाऱ्यांना आत प्रवेश बंद. इमारतीला फळ्या ठोकल्या, आणि समोरच्या रस्त्यावर श्रोत्यांनी तंबू टाकले. ३१ जुलैला बर्कलीच्या रस्त्यांवरून मोर्चा निघाला. किती माणसं? दहा हजारांच्या आसपास. एका रेडिओ केंद्रासाठी! महागाई नाही, आरक्षण नाही, पाणी नाही, रेडिओ. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात केंद्र पुन्हा कर्मचाऱ्यांच्या हाती आलं.

इथे बहुतेक जण गोष्ट संपवतात. मोर्चा दिसतो, त्यामुळे लक्षात राहतो. पण मंडळ अजून जागच्या जागीच होतं. डिसेंबर २००० मध्ये न्यूयॉर्कच्या केंद्रात रातोरात कुलुपं बदलली आणि तेच सारं पुन्हा सुरू झालं. खरं काम केलं ते कंटाळवाण्या लोकांनी: वकिलाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या, संस्थेच्या घटनेची, म्हणजे नियमावलीची, कलमं वाचणाऱ्या, देणगीदारांच्या याद्या करणाऱ्या. श्रोत्यांनी दावे लावले, सल्लागार मंडळातल्या लोकांनी लावले, मध्यवर्ती मंडळातल्या विरोधकांनीही लावले. डिसेंबर २००१ मध्ये तडजोड झाली आणि २००३ मध्ये नवी घटना आली. तिच्यानुसार प्रत्येक केंद्राला चोवीस जणांचं स्थानिक मंडळ. त्यातले अठरा श्रोत्यांनी मत देऊन निवडायचे, सहा कर्मचाऱ्यांनी. मत कुणाला? वर्षाला पंचवीस डॉलर देणाऱ्याला. आणि पैसे नसतील तर? केंद्रावर तीन तास काम करा, तुम्हीही मतदार. मला या गोष्टीतलं सगळ्यात आवडणारं कलम हेच. पैसा श्रोत्यांचा, तर हुकूमही श्रोत्यांचा, आणि ज्याच्याकडे पैसा नाही त्याचे हातही चालतील.

सगळं गोड झालं असं मात्र समजू नका. निवडणूक आली की गट आले. पॅनेलं आली, एकमेकांवर आरोप आले, कर्ज झालं. २०१९ मध्ये मध्यवर्ती संस्थेनं न्यूयॉर्कच्या केंद्राचे स्थानिक कार्यक्रम अचानक बंद केले आणि पुन्हा कोर्टात जावं लागलं. लोकशाहीला भांडणाचा खर्च असतो. तो परवडत नाही म्हणणाऱ्यांना मी इतकंच विचारतो, की न भांडता चालणाऱ्या रेडिओवर तुम्ही शेवटचं काही नवं कधी ऐकलंत?

आता आपल्याकडे येतो. घड्याळ पुढे सरकलंय, तेव्हा भराभर सांगतो.

आपणही एके काळी रेडिओचे पैसे भरत होतो. पोस्टात जाऊन परवान्याचं पुस्तक दाखवायचं आणि त्यावर शिक्का मारून घ्यायचा, हे जुन्या श्रोत्यांना आठवत असेल. ऐंशीच्या दशकात ते बंद झालं. सुटलो म्हणालो आपण. मला विचाराल तर तिथेच आपली नोंद पुसली गेली. पैसा आजही आपलाच जातो, पण करातून, मंत्रालयाच्या हातानं.

९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि त्यांचं नियंत्रण सरकारपासून स्वतंत्र अशा प्राधिकरणाकडे हवं. त्या खंडपीठात आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. भांडण कशावरून? क्रिकेटवरून! बंगालच्या क्रिकेट संघटनेचे सामने कुणी दाखवायचे, यावरून. क्रिकेटचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो, बाळ ज. पंडितांचं मराठी धावतं वर्णन ज्यांनी ऐकलं त्यांना आजचं टीव्हीवरचं समालोचन मुकं करून बघावंसं वाटतं.

आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवते ती प्रसार भारती. तिचा कायदा १९९० चा, लागू झाला १९९७ मध्ये. त्यात एक छान तरतूद आहे: प्रसारण परिषद. श्रोत्यांच्या, प्रेक्षकांच्या तक्रारी ऐकायला एक अध्यक्ष, दहा नामवंत माणसं आणि चार खासदार. म्हणजे तुमचं-आमचं गाऱ्हाणं मांडायची जागा कायद्यातच लिहिलेली आहे. पुन्हा सांगतो, कायद्यातच लिहिलेली आहे. ती कायद्याच्या पुस्तकातच राहिली. त्याच कायद्यात सरकारला प्रसार भारतीला निर्देश देण्याचं कलम आहे, आणि अनुदानाची थैली मंत्रालयाकडेच आहे.

तरी आपले श्रोते अगदीच गप्प नसतात. २०२३ च्या जूनमध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून काम छत्रपती संभाजीनगरला हलवायचं ठरलं. पुण्यात ओरड झाली, वर्तमानपत्रांत आली, राजकीय पक्षांनी उचलली, आणि निर्णयाला स्थगिती मिळाली. ओरड केली की थांबतं, एवढं आपण पाहिलं. पण तो निर्णय आधी घेतला कुणी, कुणाला विचारून, हे विचारायची कायमची जागा आपल्याकडे नाही, आणि बर्कलीच्या लोकांनी नेमकी तीच मिळवली.

तोवर हाताशी जे आहे ते वापरा. प्रसार भारतीला माहितीचा अधिकार लागू आहे, अर्जाची फी दहा रुपये. आपल्या जवळच्या केंद्राबद्दल विचारा: दिवसात किती तास कार्यक्रम इथे तयार होतात आणि किती तास दुसरीकडून सहक्षेपित होतात, म्हणजे दुसऱ्या केंद्राचे इथून वाजवले जातात? निवेदकांच्या मंजूर जागा किती, भरलेल्या किती? एकट्यानं नको, वाचनालयातले, ज्येष्ठ नागरिक संघातले चारजण मिळून प्रश्न काढा आणि दर वर्षी तेच प्रश्न पुन्हा पाठवा, म्हणजे आकडे शेजारी ठेवून बघता येतील. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. नाही आलं तर पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे करायचं असतं, त्याला वेगळी फी लागत नाही.

नमस्कार.